आमच्यासाठी पेपर कोण वाचणार? मंत्रिमहोदयांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,
महाराष्ट्र शासन

सप्रेम नमस्कार.

मी सांगलीत विश्रामबागला राहतो. अठ्ठावीस वर्षं हायस्कूलला भूगोल शिकवला. काचबिंदूनं आधी कडेची नजर नेली, मग मधली. गेली नऊ वर्षं मला उजेड आणि अंधार एवढाच फरक कळतो. आपला वेळ मोलाचा आहे, म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

गेल्या महिन्यात माझा मित्र गेला. एका स्टाफरूममध्ये बावीस वर्षं आम्ही समोरासमोर बसून डबा खाल्ला. तो गेल्याचं मला बाराव्या दिवशी कळलं, तेही भाजीवाल्याकडून. पेपरात निधनवार्ता आली होती, खाली रक्षाविसर्जनाची वेळही होती. तो पेपर माझ्या घरात होता. त्याच पेपरवर मी त्या दिवशी मेथी निवडली. त्याच्या मुलानं व्हॉट्सअॅपवरही कळवलं होतं, पण मजकूर फोटोत होता आणि माझा मोबाईल त्यावर ‘इमेज’ एवढाच शब्द बोलला. त्यांच्या घरी गेलो तेव्हा वहिनी म्हणाल्या, “सर, तुमची लई वाट बघितली ओ.” मी काय उत्तर देणार होतो?

आता आश्वासनाचं. गेल्या ३ डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, इथल्या एका सभागृहात आम्हा पंधरा-वीस जणांना व्यासपीठावर बसवलं. शाल दिली, पांढरी काठी दिली. माझ्या हातात काठी होतीच, तरी दुसरी दिली. एका मोठ्या अधिकाऱ्यांनी माईकवर सांगितलं की सहा महिन्यांत जिल्ह्यातल्या अंधांसाठी रेडिओवर रोज तासभर पेपरवाचन सुरू होईल. मी सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या. सहा महिने झाले, आठ झाले. मी तीन अर्ज केले. एकाचं उत्तर आलं, ई-मेलवर, स्कॅन केलेल्या कागदाचं. मोबाईलला त्यातलं एक अक्षर वाचता येईना. शेजारच्या सातवीतल्या मुलीनं वाचून दाखवलं: “आपल्या अर्जाची नोंद घेण्यात आली आहे.” अंध माणसाला पाठवलेलं उत्तर अंध माणसाला वाचता येणार नाही, हे सही करणाऱ्याच्या मनातसुद्धा आलं नाही. याचा राग मला अजून आहे.

मी काही जगावेगळं मागत नाही. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात १९६९ साली ही सेवा सुरू झाली. एफएमच्याच लहरीवर मुख्य कार्यक्रमासोबत जाणारी एक आडवाहिनी, साध्या रेडिओवर ती लागायची नाही, म्हणून वेगळा रेडिओ, तो श्रोत्यांना सरकारी व्यवस्थेतून मिळायचा आणि वाचणारे बहुतेक स्वयंसेवक. पुढे अशा सेवा स्थानिक पेपर, निधनवार्ता, दुकानांच्या जाहिराती, सगळं वाचत आल्या. आपल्याकडे नागपुरात २०२२ साली ‘रेडिओ अक्ष’ सुरू झाला, खास दृष्टिहीनांसाठी. पण तो इंटरनेटवर ऐकायचा. माझ्यासारखी उतारवयात नजर गेलेली माणसं गुळगुळीत काचेवर बोट फिरवून कितीशी ऐकणार? रेडिओला एक बटण असतं आणि ते बोटाला सापडतं.

बातम्या मिळतात हो मला. सकाळी सातच्या प्रादेशिक बातम्या मी कधी चुकवत नाही. पण त्यात हळदीचा आजचा सौदा नसतो, उद्या कुठल्या भागात पाणी येणार नाही ते नसतं, जागेची जाहीर नोटीस नसते, कोण गेलं ते नसतं. पेपरच्या आतल्या पानांवर गाव असतं, आणि तेवढंच नेमकं आमच्यापर्यंत येत नाही.

कुणाला विचारलं की टोलवाटोलवी. म्हणे रेडिओ केंद्र सरकारचा, दिव्यांग राज्य सरकारचे, निधी स्थानिक संस्थांचा. एकानं तर कॉपीराइटची भीती घातली. महाराज, २०१२ साली कायदा बदलला आणि अपंगांना वापरता येईल अशा रूपात मजकूर देण्याची सूट त्यात आली. अंधांना वाचता येतील अशा रूपात पुस्तकं मिळावीत म्हणून झालेला आंतरराष्ट्रीय मराकेश करार मान्य करणारा जगातला पहिला देश भारत, २०१४ साली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं ४२ वं कलम म्हणतं की छापील, ध्वनी आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमातला मजकूर आम्हाला वापरता येईल अशा रूपात मिळेल, हे शासनानं पाहायचं. ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत पाच टक्के निधी आमच्यासाठी राखीव आहे. २०११ च्या जनगणनेत देशात पन्नास लाख दृष्टिहीन मोजले, त्यातले साडेपाच लाखांच्या वर महाराष्ट्रात. कागदावर आम्ही फार सुखात आहोत.

हा कागदच सगळ्याच्या मुळाशी आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला, सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. पाणी ओसरल्यावर मदतीच्या याद्या भिंतीवर लागल्या. आमच्या ओळखीचा एक अंध तरुण त्या भिंतीपुढे दोन दिवस उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होता, “माझं नाव हाय का बघा की.” भिंतीवर चिकटवलं की लोकांना सांगितलं, असं ही यंत्रणा धरून चालते. रेशनची यादी भिंतीवर, बँकेचा फॉर्म बारीक टाइपात, दवाखान्यात नंबर पाटीवर. लिहिता-वाचता न येणाऱ्या माझ्या आईनं असंच आयुष्य काढलं. मी एम.ए. करून म्हातारपणी तिच्याच रांगेत येऊन उभा आहे.

पैसा लागतो म्हणू नका. आकाशवाणीचं सांगली केंद्र १९६३ पासून आहे. जतच्या जालिहाळला येरळावाणी आणि साताऱ्याच्या म्हसवडला माणदेशी तरंग ही सामुदायिक रेडिओ केंद्रं दुष्काळी मुलखात उभी राहिली. त्यांचा पल्ला थोड्या गावांपुरता, पण खेड्यात जे जमलं ते जिल्ह्याच्या गावाला का जमू नये? आणि वाचणारी माणसं? विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली मराठी नाटक या गावात उभं केलं. इथं गल्लीगल्लीत आवाज आहेत. निवृत्त शिक्षकांची नावं मी स्वतः आणून देतो. चौदा जण तयार आहेत. फुकट.

मागणी एकच आहे. रोज सकाळी एक तास. दोन स्थानिक पेपर, निधनवार्तांपासून सुरुवात. केंद्र, राज्य आणि स्थानिक संस्था यांना एका टेबलाशी बसवण्याचं काम आपलं. तारीख सांगा. या वेळी टाळ्या मी कार्यक्रम ऐकल्यावर वाजवीन.

आणि या पत्राचं उत्तर कागदावर पाठवू नका. फोन करा आणि वाचून दाखवा.

आपला,
सांगलीचा एक निवृत्त शिक्षक