इशारा द्यायला सरकारचीच परवानगी कशाला?

मा. संपादक, सप्रेम नमस्कार,

सुदानची बातमी आली की आपल्याकडे "अचानक भडका उडाला" असं छापून येतं, ते पटत नाही म्हणून लिहितोय. 15 एप्रिल 2023 ला खार्तुममध्ये लढाई सुरू झाली, त्याच्या दोन दिवस आधी सुदानच्या लष्करानेच जाहीर केलं होतं की आरएसएफ या निमलष्करी दलाची माणसं राजधानी खार्तुम आणि इतर शहरांत जमा होतायत. पुढे आपल्याला ऑपरेशन कावेरी करून साडेतीन हजारांवर भारतीय तिथून काढावे लागले.

बरं, त्या भागात इशारा देणारी यंत्रणाच नाही असंही नाही. इगाड ही पूर्व आफ्रिकेतल्या देशांची संघटना, तिने 2002 मध्येच सीवॉर्न ही संघर्षाचा आधीच इशारा देणारी यंत्रणा उभी केली. केनिया, युगांडा, इथिओपिया आणि दक्षिण सुदानच्या सीमा भिडतात त्या करामोजा पट्ट्यात गुरं पळवण्यावरून पिढ्यान् पिढ्या हाणामाऱ्या चालतात, आता तर हातात एके-47 असतात. तिथे स्थानिक माणसं नेमून त्यांच्याकडून रिपोर्ट घेतात आणि बघतात काय, तर नुसते पुरुषच कुठे निघालेत का, पोरं शाळेत यायची थांबलीत का, धाडीआधी घेतात तो आशीर्वाद झाला का. हे मला फार मोलाचं वाटतं, कारण असलं काही उपग्रहावरून दिसत नाही, तिथे राहणाऱ्यालाच कळतं. या रिपोर्टांवरून झालेल्या अभ्यासात तर असं दिसलं की चारा वाढला की संघटित धाडी वाढतात, आपण धरून चालतो दुष्काळातच वाढत असणार.

पण सदस्य सरकारांनी सुरुवातीला होकार दिला तो एवढ्यालाच, गुराख्यांच्या भांडणांना. त्यामुळे 2007 च्या डिसेंबरातल्या निवडणुकीनंतर केनियात अकराशेवर माणसं मेली तेव्हा तो विषय सीवॉर्नच्या कक्षेतच नव्हता. कक्षा नंतर वाढवली, मान्य. पण 2020 ला टिग्रेत युद्ध पेटलं ते इथिओपियात, आणि सीवॉर्नचं ऑफिस अदिस अबाबात, आफ्रिकन युनियनचं मुख्यालयही तिथेच. ज्या सरकारच्या राजधानीत बसायचं तेच लढाईत उतरलं तर त्याच्याविरुद्ध उघड बोलणार कोण?

शेजारी मनावर घेतात तेव्हा जमतं सुद्धा. पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियात राष्ट्राध्यक्ष जामेह 2016 ला निवडणूक हरला, आधी हार मान्य केली आणि आठवड्यात पलटला, तर इकोवास या तिथल्या देशांच्या संघटनेतले राष्ट्रप्रमुख स्वतः राजधानी बांजुलला गेले, मग सेनेगलची फौज सीमा ओलांडून आत गेली आणि 21 जानेवारी 2017 ला जामेहने देश सोडला, मोठा रक्तपात न होता.

आपल्या सार्कच्या सनदेत तर द्विपक्षीय आणि वादाचे विषय चर्चेलाच घ्यायचे नाहीत असं लिहिलंय, तिथे इशारा देणार कोण आणि कुणाला!

माझं म्हणणं एवढंच की गावपातळीवरचे हे रिपोर्ट सरकारांच्या मंजुरीसाठी न थांबता थेट लोकांसमोर यावेत, आणि आपल्या पेपरनेही आफ्रिकेची बातमी मृतांचा आकडा येण्याआधी द्यावी, निदान आठवड्यातून एकदा तरी.

आपला,
एक नियमित वाचक, कोल्हापूर