‘जैवसुसंगत’ या शब्दामागची चाचणी कळू द्या

मा. संपादक,

दात भरण्याच्या आणि रूट कॅनालच्या साहित्यात चांदी, झिंक ऑक्साइड अशा पदार्थांचे जंतुनाशक नॅनोकण (अतिसूक्ष्म कण) मिसळण्यावरचे संशोधन वाढते आहे आणि अशी काही उत्पादने बाजारातही आली आहेत. त्यामागचा हेतू उत्तम आहे. फिलिंगच्या कडेशी स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्ससारखे जंतू पुन्हा ठाण मांडतात आणि तिथेच दुसऱ्यांदा कीड लागते, हे मी कोथरूडमधील माझ्या दवाखान्यात नेहमी पाहतो. परंतु गेल्या महिन्यात अशाच एका साहित्याच्या पत्रकावर ‘जैवसुसंगत’, म्हणजे शरीरातील पेशींना अपाय न करणारे, असे वाचून मी विक्रेत्याकडे अहवाल मागितला, तेव्हा उंदराच्या पेशींवरची चोवीस तासांची एकच चाचणी हाती आली. कणांचा आकार आणि प्रमाण यांचा त्यात उल्लेखही नव्हता.

आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या १०९९३-५ या मानकानुसार केलेल्या चाचणीत पेशींची जीवनक्षमता ३० टक्क्यांहून अधिक घटली, तर पदार्थ पेशींना घातक मानला जातो. ही चाचणी हवीच. मात्र तिच्यात बहुधा साहित्याचा अर्क काढून पेशींवर घालतात, म्हणजे थोड्या अवधीत जे पाझरते तेवढ्याचाच निवाडा होतो. तोंडातले फिलिंग तर वर्षानुवर्षे चावून चावून झिजते आणि जंतूंनी तयार केलेल्या आम्लात झिंक ऑक्साइड अधिक विरघळते.

याहून गंभीर अडचण मोजणीतच आहे. पेशींची जीवनक्षमता मोजण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एमटीटी चाचणीत जिवंत पेशी पिवळ्या रंगद्रव्याचे जांभळ्यात रूपांतर करतात आणि त्या रंगाच्या गडदपणावरून पेशींची अवस्था ठरवली जाते; पण काही नॅनोकण रंगद्रव्य स्वतःवर चिकटवून घेतात, प्रकाश शोषतात किंवा पेशी नसतानाही रंग पालटवतात. म्हणून नुसते कण असलेल्या, पेशीविरहित नमुन्याशी तुलना केलेली नसेल, तर तो आकडा मी ग्राह्य धरणार नाही. नॅनोपदार्थांच्या अशा अडचणींसाठी आयएसओने २०१७ मध्ये १०९९३-२२ हे स्वतंत्र मार्गदर्शन प्रसिद्ध केले आहे.

चांदीचे आयन (विद्युतभारित कण) जंतूला मारतात, तसेच मात्रा वाढली की हिरडीच्या पेशींनाही इजा करतात. त्यामुळे जंतू मारणारी मात्रा आणि माणसाच्या हिरडीतील व दाताच्या गाभ्यातील पेशींना बाधणारी मात्रा एकाच अहवालात शेजारी शेजारी दिलेली असावी, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

देशभरच्या संशोधकांना पेशी पुरवणारे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आपल्या पुणे विद्यापीठाच्या आवारातच आहे. शहरातील दंत महाविद्यालयांनी त्याच्या साहाय्याने अशा चाचण्या हाती घ्याव्यात. वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ लागू करणाऱ्या यंत्रणेने वेष्टनावर कणांचा प्रकार, आकार, प्रमाण आणि चाचणीचा कालावधी छापणे सक्तीचे करावे. तोवर ते साहित्य मी वापरत नाही आणि रुग्णांनी विचारल्यास कारणही हेच सांगतो.

— एक दंतवैद्य, कोथरूड, पुणे