टोक मोडलेल्या डिंगऱ्या

ताई,

सप्रेम नमस्कार वि. वि.

अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यातली टोपली आली आणि आगाऊ पैसे देऊन घेतलेला तुमच्या शेतातला आमचा यंदाचा वाटा संपला. वसंतपंचमीपासून १२ शनिवार तुमची भाजी पुरंदरच्या पठारावरून दिवे घाट उतरून आमच्या १४ घरांत पोचत राहिली. फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणता आणि विहिरीच्या पाण्याचं बोलायला लागता. म्हणून हे पत्र, तेही उघडं. तुमच्या चिठ्ठ्यांतून जे कळलं, ते १४ घरांतच राहू नये असंही वाटतं.

सगळ्यात आधी डिंगऱ्यांबद्दल, म्हणजे मुळ्याच्या शेंगांबद्दल.

माघ वद्यातल्या टोपलीत पाव किलो डिंगऱ्या होत्या, ओल्या सुती फडक्यात गुंडाळलेल्या. निवडायला घेतल्या तेव्हा दिसलं, एकूण एक शेंगेचं टोक मोडलेलं. मोडलेल्या जागी हिरवट पांढरा ठिपका, कडेला किंचित सुकलेला. आधी वाटलं वाहतुकीत मोडल्या असतील. पण वाहतुकीत मोडलेल्या शेंगा कुठेही मोडतात, आणि या सगळ्या एकाच जागी मोडलेल्या होत्या, चोचीच्या बुडाशी. मग उलगडा झाला.

मुळा जमिनीत राहिला, दिवस मोठा होऊ लागला, ऊन तापलं की त्याला दांडा फुटतो. पांढरी-जांभळट फुलं येतात आणि फुलांच्या जागी या शेंगा धरतात. शेंग कोवळी असते ती मोजके दिवस. आत बी भरू लागलं की साल चिवट होते, मग कितीही शिजवा, तोंडात चोथा उरतो. नुसतं पाहून ते नीट कळत नाही. जाड शेंग कोवळी निघते, बारीक शेंग जून निघते. खात्रीचा मार्ग एकच, टोक मोडून बघायचं. कट्कन तुटलं तर कोवळी, धागा लोंबला तर जून.

पाव किलोत सहज शंभरावर शेंगा भरतात. १४ घरांच्या मिळून हजारावर. प्रत्येक शेंग हातात घेऊन, टोक मोडून, धागा लोंबलेली बाजूला टाकून मग तुम्ही वजन केलंत. तुम्ही हे कधी बोलला नाहीत, चिठ्ठीतही लिहिलं नाहीत. मंडईत गिऱ्हाइकानं भेंडीचं टोक मोडलं तर भाजीवाला ओरडतो. इथे पिकवणाऱ्या बाईनंच आमच्या वतीनं टोकं मोडून पाहिली आणि जून शेंगांचं नुकसान स्वतःकडे ठेवलं. एवढ्या टोपल्यांतल्या एवढ्या गोष्टींमध्ये आम्हाला सगळ्यात जास्त लागून राहिलं ते हे.

त्याचं कारणही सांगायला हवं. याआधी दोन वर्षं ज्यांच्याकडून "शेतातून थेट" म्हणून खोकं घेत होतो, तिथे खोक्यावर शेताचं चित्र होतं, पण भाजी कुठल्या गावची हे विचारलं तर उत्तर मिळायचं नाही. बारा महिने तोच फ्लॉवर, तीच ढोबळी मिरची. शेवग्याच्या शेंगा वाळक्या, मेथीची जुडी बाहेरून हिरवी आणि दोरा सोडला की मधोमध पिवळी, चिकट. तक्रार केली की पैसे परत यायचे, चुकलं म्हणून एक शब्द यायचा नाही. आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तशीच जुडी. पैसे परत मिळूनही जो राग राहायचा, तो कसला होता हे तुमच्या डिंगऱ्या हातात आल्यावर कळलं. भाजीकडे कुणी पाहिलेलंच नसायचं.

आता तुमच्या चिठ्ठीप्रमाणे केलेली डिंगऱ्यांची भाजी. ही भाजी कित्येक घरांतून नाहीशी झाली आहे, म्हणून सविस्तर लिहितो. पाव किलो डिंगऱ्यांचे अर्ध्या बोटाएवढे तुकडे. दोन पळ्या तेलात मोहरी, हिंग, हळद, चार-पाच ठेचलेल्या लसणाच्या पाकळ्या आणि दोन हिरव्या मिरच्या. तुकडे घातल्यावर पहिली तीन-चार मिनिटं झाकण ठेवायचं नाही. डिंगरी मोहरीच्या कुळातली, तिचा उग्र वास वाफेबरोबर निघून जायला हवा. आधीच झाकलं तर तो वास भाजीत मुरतो आणि मग घरातली मुलं ताटाकडे फिरकत नाहीत. वास कमी झाला की झाकण, त्यावर पाणी, आणि सात-आठ मिनिटं मंद आच. मग मीठ, आणि तीन मोठे चमचे डाळीचं पीठ कोरडंच, चिमटीनं सगळीकडे पेरायचं. इथेच भाजी बिघडते. तळाशी पाणी साचलेलं असताना पेरलं तर पिठलं होतं, अगदी कोरड्यावर पेरलं तर पीठ कच्चं राहून घशाला चिकटतं. तुकडे ओलसर दिसत असावेत, पण कढईत पाणी नसावं. पीठ पेरल्यावर वरून चमचाभर तेल सोडून पाच मिनिटं वाफ. ढवळायचं ते शेवटी, आणि एकदाच.

भाकरी ज्वारीचीच. यावर वाद नको.

चाकवताच्या वेळी निम्म्या घरांनी तुम्हाला फोन केला, पानाखाली पांढरी भुकटी आहे, फवारणी केली का म्हणून. तुम्ही एकावरही चिडला नाहीत. ती भुकटी चाकवताच्या पानाची स्वतःचीच असते, कोवळ्या शेंड्यावर जास्त, आणि धुऊन पूर्ण जात नाही. जायला हवी ती माती. त्यासाठी मोठ्या पातेल्यात पाणी घेऊन पानं बुडवायची, हलवायची आणि हातानं वर उचलून दुसऱ्या पाण्यात टाकायची. पाणी चाळणीवर ओतलं तर तळाची माती पुन्हा पानांवरच बसते. तीन पाणी पुरतात.

पातळ भाजीला एक मोठी जुडी, मूठभर हरभऱ्याची डाळ आणि मूठभर शेंगदाणे, दोन्ही दोन तास भिजवून. डाळ-दाणे कुकरला, पानं वेगळी शिजवून रवीनं घोटलेली. दोन वाट्या आंबट ताकात दोन चमचे डाळीचं पीठ कालवून घ्यायचं आणि ते ओतायच्या आधी आच अगदी कमी करायची. उकळत्या भाजीत गार ताक पडलं की ते फुटतं आणि वर पाणी, खाली गोळे होतात. पहिली उकळी येईपर्यंत हात थांबवायचा नाही. मीठ त्यानंतर. चाकवत फुलावर आला की पान राठ होतं. तसा आला त्या आठवड्यात तुम्ही तो पाठवणंच बंद केलंत, वजन भरायला म्हणून दांडे घातले नाहीत.

फाल्गुनात गारा पडल्या त्या आठवड्याबद्दल मात्र थोडं थांबून लिहायला हवं.

२०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट महाराष्ट्रातला शेतकरी विसरलेला नाही, आणि तेव्हापासून फाल्गुनात आभाळ भरून आलं की पोटात गोळा येतो, असं तुम्हीच सांगितलं होतं. यंदा तुमच्या रानात गारा झाल्या त्या २० मिनिटंच. शनिवारी टोपली आली ती अर्धी, आणि वर चिठ्ठी: "दोडक्याचा वेल फाटला. कोथिंबीर गेली. पात फाटकी आहे पण खाण्यासारखी आहे, आजच संपवा. पात उभी चिरून झटका, आत पाणी असेल." खरोखरच होतं. कांद्याची पात आतून पोकळ, शेंडा तुटला की पावसाचं पाणी नळीत शिरतं आणि दुसऱ्या दिवशी आतून सडू लागतं. ही एक ओळ लिहिली नसती तर १४ घरांतली पात रविवारी कचऱ्यात गेली असती. पालकाच्या पानांवर जिथे जिथे मार लागला होता तिथे काळे डाग धरणार होते, तोही त्याच दिवशी शिजवा म्हणून वेगळा बांधलेला होता.

अर्ध्या टोपलीबद्दल तुम्ही माफी मागितलीत. ताई, ती मागायला नको होती. आपण पैसे कार्तिकात देतो आणि भाजी माघात घेतो, त्याचा अर्थच तो. जपानात १९७० च्या दशकात अशा वाट्यांची पद्धत रुजली, तिला तिथे तेइकेई म्हणतात. अमेरिकेत १९८६ साली मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशरमधल्या दोन शेतांवर ती सुरू झाली. तिथेही मूळ बोली हीच, की आलं तर सगळ्यांचं, गेलं तरी सगळ्यांचं. गारा एकट्या तुमच्या रानात पडल्या नाहीत, आमच्याही वाट्यात पडल्या. वाटेकरी म्हणवून घ्यायचं तर एवढं आमच्याकडे लागतंच.

चैत्रात तुमच्या विहिरीनं तळ दाखवला होता, तरी टोपली रिकामी राहिली नाही. शेवग्याच्या शेंगा करंगळीएवढ्या जाड, हातात हलक्या पिळल्या तर पिळल्या जाव्यात अशा. काकडीबरोबर लिहिलं होतं, देठाकडून दोन बोटं कापून आधी चाखा. उन्हाचा ताण आणि पाण्याचा खंड पडला की काकडी कडवटते आणि तो कडवटपणा देठाकडे जास्त असतो. एका घरात कडू निघाली, तर तुम्ही बदली काकडीच्या आधी हे विचारलंत की कुठल्या शनिवारच्या टोपलीतली, म्हणजे कुठल्या ओळीला पाणी कमी पडलं ते कळेल. तिथेच ठिबकची नळी चोंदलेली सापडली.

कैऱ्या आल्या त्या बोटभर देठासकट. देठ बुडाशी तोडला की चीक उडतो, कैरीच्या सालीवर ओघळतो आणि तिथे काळा डाग पडून कैरी लवकर नासते. हातालाही तो पोळतो. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला १४ पैकी ११ घरांत आंब्याची डाळ त्याच कैऱ्यांची झाली. एक वाटी हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवून, चाळणीवर अर्धा तास निथळून, पाण्याचा थेंब न घालता भरड वाटायची. निथळायचा कंटाळा केला की डाळ मऊ चटणीसारखी होते आणि पाणी सुटतं. अर्धी वाटी किसलेली कैरी, मीठ, थोडी साखर, ओलं खोबरं, कोथिंबीर. फोडणी गार करून घालायची, गरम घातली तर डाळीचा कच्चा ताजेपणा जातो. कैरी किती आंबट आहे ते चाखून मगच सगळी मिसळायची. तुमच्या बांधावरची जरा जास्तच आंबट आहे, पाव वाटीवर हात थांबवावा.

पालेभाजी घरी आल्यावर न धुता, दोरा सोडून, ओल्या फडक्यात सैल गुंडाळायची हेही तुमच्यामुळेच अंगवळणी पडलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत पानांचाच घाम पानांवर साचतो आणि सड तिथून सुरू होते. फडक्यातली मेथी फ्रीजमध्ये तीन दिवस टिकते. पहाटे उजाडायच्या आत तोडलेली असली तर चौथ्या दिवशीही जुडीत ताठ उभी राहते. तुम्ही ती तशीच तोडत होता, बॅटरीच्या उजेडात.

वजनकाट्यावर न दिसणारं, पावतीवर न येणारं काम करणारी माणसं कमी नाहीत. दुधात पाणी न घालणारा गवळी, पँटला ढुंगणावर पडलेलं भोक आतून बारीक रफू करून देणारा शिंपी, पट्टी बांधताना जखमेवर फुंकर घालणारी नर्स. त्यांचं काम नीट झालेलं असतं म्हणून त्याच्याकडे लक्ष जात नाही आणि कुणी त्यांना पत्र लिहीत नाही. आम्हीही शेंगांची टोकं दिसली नसती तर लिहिलं नसतं, हे कबूल करायला हवं. त्या दिवशी ती शेंग हातात धरून स्वयंपाकघरात बसल्याबसल्या डोळे भरून आले, हेही खरं आहे आणि ते तुम्हाला कळावं.

टोपल्या उन्हात वाळवून ठेवल्या आहेत. फडकी ८२ भरली, दोन कुठेतरी राहिली आहेत, शोधून देतो. पुढच्या वाट्याचे पैसे १४ घरांनी दसऱ्यालाच द्यायचं ठरवलं आहे, म्हणजे मुळ्याच्या बियाण्याला आणि ठिबकच्या नव्या नळ्यांना तुम्हाला उसनवारी करावी लागणार नाही. यंदा ज्या शेंगांना धागा लोंबला, त्या न तोडता झाडावरच राहिल्या असत्या तर बियाण्याला उपयोगी पडल्या असत्या, असं तुम्ही म्हणाला होता. मग पुढच्या वर्षी एक ओळ बियाण्यासाठी न तोडता ठेवा. तेवढ्या डिंगऱ्या कमी आल्या तर चालतील.

आपले,
१४ घरांचे वाटेकरी