मामा, त्या अहवालात तुमचं नाव राहून गेलं

आदरणीय मामा,

साष्टांग नमस्कार.

हे पत्र तुमची धाकटी तुम्हाला मोबाइलवर वाचून दाखवील. घरी येऊन चार शब्द बोललो असतो तरी चाललं असतं, पण जे राहून गेलं ते चारचौघांत राहून गेलं, म्हणून आभारही चारचौघांतच मानतो आहे.

शेवटच्या वर्षी तोंडी परीक्षेआधी आम्हा प्रत्येकाला एक पान लिहून द्यायचं होतं. मथळा ठरलेला होता, ‘प्रकल्पातील वैयक्तिक योगदान’. ‘बाजा’ स्पर्धेची आमची गाडी पंचवीस जणांनी मिळून केलेली, तेव्हा कोणी काय केलं हे परीक्षकांना कळायला हवंच. मी लिहिलं, ‘रोल केजचे डिझाइन, विश्लेषण आणि निर्मिती’. गुण चांगले मिळाले. परवा चाकणला खोली बदलताना ते पान हाती लागलं आणि ‘निर्मिती’ या शब्दापाशी मी थांबलो. निर्मिती कोल्हापूरच्या उद्यमनगरात तुमच्या वेल्डिंगच्या शेडमध्ये झाली होती, आणि पानावर तुमचं नाव कुठेच नव्हतं.

बाजा म्हणजे काय हे ठाऊक नसलेल्यांसाठी थोडं सांगतो. अभियांत्रिकीच्या मुलांनी एक माणूस बसेल अशी, खड्ड्या-टेकाडांवरून पळणारी गाडी स्वतः आखून बनवायची आणि स्पर्धेत उतरवायची. १९७६ साली अमेरिकेत दक्षिण कॅरोलायना विद्यापीठात हे सुरू झालं. आपल्याकडे पहिली स्पर्धा २००७ साली इंदूरजवळ पीथमपूरला झाली. आमच्या वेळी इंजिन सगळ्या संघांना एकच होतं, १० अश्वशक्तीचं. ताकद सारखी म्हटल्यावर चुरस वजनात. चालकाभोवतीचा नळ्यांचा सांगाडा म्हणजे रोल केज, आणि तो माझ्याकडे होता.

नियम असा होता की सांगाड्याच्या मुख्य नळ्या २५.४ मिमी व्यासाच्या आणि ३ मिमी जाडीच्या घ्या, नाहीतर वाकण्याला तितकीच दाद न देणारी दुसरी नळी घ्या. जाडी मात्र १.५७ मिमीच्या खाली नको. मी क्रोमोली, म्हणजे क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाची २९.२ मिमी व्यासाची, १.६५ मिमी जाडीची नळी निवडली. व्यास थोडा वाढवला की पातळ नळीही तेवढीच ताठ राहते, आणि मीटरमागे जवळजवळ अर्धा किलो वाचतो. हा निर्णय माझा होता. हिशेब मी मांडला, तीनदा तपासला, आणि त्याचा मला आजही अभिमान आहे.

पण ती नळी घेऊन मी दोन ठिकाणी गेलो आणि दोन्हीकडून परत आलो. वेल्डिंग करताना इतक्या पातळ नळीला भोक पडेल, म्हणाले. तुम्ही नळी हातात तोलून पाहिलीत, कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवलात आणि म्हणालात, “हलकी हाय. पण सांधा तटतटीत बसला पायजे. फट ऱ्हायली की भोक पडणारच.” मग माझं ड्रॉइंग बाकावर पसरलंत आणि पहिलाच प्रश्न विचारलात, “ही मापं मधनं धरल्यात का भाईरनं?”

मामा, त्या प्रश्नासाठी मी तुमचा आधी ऋणी आहे, बाकी सगळं त्यानंतर. संगणकावर मी सांगाडा रेषांनी काढला होता आणि रेष नळीच्या मध्यातून जाते. शेडमध्ये मात्र टेप नळीच्या बाहेरच्या कडेला लागते. मापं मधली की बाहेरची, हे माझ्या ड्रॉइंगवर कुठेही लिहिलेलं नव्हतं. ती बाहेरची धरली असती तर प्रत्येक चौकट २९ मिलिमीटरनं लहान झाली असती. चालकाचं हेल्मेट आणि वरच्या नळ्या यांत १५२ मिमी मोकळी जागा लागते, आणि आमच्या सगळ्यात उंच मुलाला ती जेमतेम मिळत होती. गाडी तपासणीतच बाद झाली असती आणि वर्षभराची मेहनत तिथेच संपली असती. त्या दिवसापासून आजपर्यंत, नोकरीतसुद्धा, मापं कुठून धरली आहेत हे कोपऱ्यात लिहिल्याशिवाय मी ड्रॉइंग हातावेगळं करत नाही.

सांध्यांचं काम तर मी विसरूच शकत नाही. एक नळी दुसरीला जिथे टेकते तिथे तिचं टोक माशाच्या तोंडासारखं कापावं लागतं. मी प्रत्येक टोकाचा आकार संगणकावर उलगडून खऱ्या मापात कागदावर छापला होता. तो कागद नळीला गुंडाळायचा, कडेनं खूण करायची, त्या खुणेवर कापायचं. तुम्ही पहिला कागद गुंडाळून पाहिलात, खूण बरोबर बसली, आणि तेव्हापासून मला ‘कागदवाला’ म्हणायला लागलात. ती हाक ऐकून मला किती बरं वाटायचं, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. पण ग्राइंडरनं कापून झालं की अर्धगोल कानस माझ्या हातात यायची. “उजेडात धर. उजेड दिसतोय तवर घास.” दोन नळ्या एकमेकींना लावून दाराकडे धरायच्या आणि मधून येणारी प्रकाशाची रेघ पूर्ण बुजेपर्यंत घासत राहायचं. चाळीसहून जास्त टोकं घासली मी. माझ्या पानावर ‘निर्मिती’ म्हणून काही लिहिता आलं असतं तर एवढंच.

वेल्डिंगला मी एक दिवस धरला होता आणि तुम्ही सहा दिवस घेतलेत. त्या वेळी मी वैतागलो होतो, हेही सांगून टाकतो. वेल्ड थंड होताना आक्रसतो आणि नळीला आपल्याकडे ओढतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. तरी वेळापत्रक करताना निवायला वेळच ठेवला नव्हता. तुम्ही आधी अख्ख्या सांगाड्याला फक्त टाके मारलेत, म्हणजे प्रत्येक सांधा ठिपक्यापुरताच जोडलात. आढ्याला ओळंबा बांधून चालकाच्या पाठीमागची कमान सरळ आहे ना पाहिलंत. मग डावीकडचा एक सांधा, त्याच्या समोरचा उजवीकडचा एक, आणि मग थांबणं. आर्गन वायूचा नळ बंद, काच वर, चहा. पुन्हा ओळंबा, पुन्हा गुण्या, कोनाकोपऱ्यातून टेप, आणि मगच पुढचा सांधा. शेवटी सस्पेन्शनच्या जोडांची मापं घेतली तेव्हा डावी-उजवीत दोन मिलिमीटरचाही फरक नव्हता. पुढे चाकांचं काम करणाऱ्या मुलांना काहीही ठोकून बसवावं लागलं नाही. ते त्यांचं कौशल्य समजलं गेलं, तसं ते होतंही, पण त्याच्या खाली तुमचे सहा दिवस होते.

ठरलेली मजुरी आम्ही दिली आणि तुम्ही घेतलीत, ते योग्यच होतं. मात्र पैसे दिले म्हणजे देणं फिटलं, असं आम्ही धरून चाललो. अहवालात प्रायोजकांची नावं आली, मार्गदर्शकांची आली. ज्याला मजुरी दिली त्याचं नाव लिहायचं असतं हे आमच्यापैकी कोणाला सुचलं नाही. मला सुचायला हवं होतं, कारण शेडमध्ये रोज मीच होतो.

आता स्पर्धेतली एक गोष्ट, जी मी तुम्हाला नीट सांगितलीच नाही. सांगाडा जो जोडतो त्यानंच सांध्यांचे दोन नमुने जोडून द्यायचे असतात. काटकोनातला सांधा तुटेपर्यंत ओढून पाहतात. नळी फाटली तर चालतं, वेल्ड सुटता कामा नये. ३० अंशांतला सांधा उभा चिरून वेल्ड किती खोल गेला आहे ते पाहतात. तुमचा चिरलेला नमुना मी तपासनिसांच्या हातात दिला. त्यांनी तो उन्हाकडे वळवून पाहिला, शेजारच्यांना दाखवला आणि विचारलं, “कोणी केलं?” मी म्हणालो, “आमच्या गावातल्या एका मेस्त्रींनी.” ज्या कोल्हापुरात यंत्रं घडवणाऱ्या म्हादबा मेस्त्रींचं नाव आजही आदरानं घेतात, तिथला मुलगा मी. मेस्त्री हा शब्द तिथे उच्चारताना माझा ऊर भरून आला. तरीही परत येऊन अहवाल लिहिताना तोच शब्द गाळला.

चार तासांच्या शेवटच्या शर्यतीत तिसऱ्या तासाला आमची गाडी वळणावर उलटली. धुळीत काही दिसत नव्हतं. मैदानावरच्या माणसांनी ती सरळ केली आणि चालकानं हात वर केला, तोवर माझा श्वास अडकला होता. रात्री तंबूत टॉर्च घेऊन मी एकेक सांधा पाहिला. रंग खरवडला होता, एक नळी चेपली होती, पण वेल्डला कुठेही केसाएवढी चीर नव्हती. तो चालक आज पुण्यात आहे, त्याला एक मुलगी आहे. हे पत्र लिहितो आहे म्हटल्यावर त्यानं तुम्हाला नमस्कार सांगायला सांगितलाय.

आमच्या विभागाला मी पत्र पाठवलं आहे. ग्रंथालयातल्या अहवालात दुरुस्तीचं एक पान जोडू द्या, अशी विनंती केली आहे. त्यावर लिहिलंय की नळीची निवड आणि आराखडा माझा, बसण्याची मापं ज्या मैत्रिणीनं प्रत्येक चालकाला लाकडी फळीवर बसवून घेतली तिची, धडकेची गणितं ज्या मित्रानं पुन्हा पुन्हा सोडवली त्याची, आणि निर्मिती तुमची. तिथे तुमचं पूर्ण नाव आहे. इथे तुम्हाला न विचारता लिहीत नाही.

चिरलेल्या नमुन्याचे दोन्ही अर्धे भाग माझ्याकडे आहेत. तेल लावून ठेवलेत, गंज चढलेला नाही. दिवाळीला येतो आहे, तेव्हा त्यातला एक तुमच्या बाकावर ठेवायला आणतो.

तुमचा,
कागदवाला