कारण विचारणाऱ्या काकांना अनावृत आभारपत्र

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

आपले नाव या पत्रात घालत नाही, कारण ते आपल्याला रुचणार नाही याची मला खात्री आहे. पत्र मात्र मुद्दाम सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे. ऑगस्टमध्ये फॉर्म्युला वनच्या शर्यतींना सुट्टी असते. त्या सुट्टीतल्या एका रविवारी आपल्या पुण्यातल्या घरी आम्ही सगळे जमलो आणि इतिहासातली सर्वांत चांगली शर्यत कोणती, सर्वांत वाईट कोणती, या वादाला तोंड फुटले. त्या संध्याकाळी आपण माझ्यासाठी जे केले त्याबद्दल निघताना "येते काका" यापलीकडे माझ्याने काही बोलवले नाही. अजूनही त्याची आठवण झाली की घसा दाटून येतो, म्हणून हे आभार लेखी.

आधी थोडे मागचे सांगायला हवे. शर्यतींवर बोलणाऱ्या मंडळींत मी यापूर्वीही बसले आहे. तिथे माझ्या मताला उत्तर मिळत नसे, उलटतपासणी मिळत असे. कधीपासून बघतेस? 1998 चा विश्वविजेता कोण? मिका हॅकिनेन, हे मला येत होते. पण उत्तर दिले की पुढचा प्रश्न येई, त्यामागून आणखी एक, आणि मूळ मुद्दा बाजूला पडून माझी तोंडी परीक्षाच चालू राही. तेच मत शेजारच्या मुलाने मांडले की त्यावर मात्र तासभर चर्चा रंगे. त्या जाणकारांविषयी माझ्या मनात आजही राग आहे, आणि तो लपवण्याचे मला कारण दिसत नाही. इतक्या वर्षांच्या शर्यती ज्यांना तोंडपाठ आहेत, त्यांना दुसऱ्याचे एक वाक्य पुरे होईपर्यंत गप्प राहणे इतके जड का जावे?

आपल्या घरीही सुरुवात तशीच झाली होती. सर्वांत वाईट शर्यत म्हणून बहुतेकांनी 2005 ची अमेरिकेतल्या इंडियानापोलिसची शर्यत पुढे केली, आणि त्यात नवल नव्हते. शुक्रवारच्या सरावात राल्फ शूमाखरच्या गाडीचा मागचा टायर तेराव्या, तिरप्या वळणावर फुटला. त्या वळणावर पूर्ण वेगात आपले टायर टिकतील याची हमी टायर पुरवणारी मिशेलिन कंपनी देऊ शकली नाही. तिथे वेग कमी करणारे वळण तात्पुरते घालावे ही सूचना मान्य झाली नाही. आणि रविवारी प्रास्ताविक फेरी संपताच मिशेलिनचे टायर असलेल्या चौदा गाड्या एकामागून एक पिटमध्ये, म्हणजे संघांच्या दुरुस्तीच्या जागी, शिरल्या. उरलेल्या सहा गाड्यांची शर्यत झाली आणि प्रेक्षकांनी मैदानात बाटल्या फेकल्या. त्याच सहांमध्ये जॉर्डन संघाचा आपला नारायण कार्तिकेयन चौथा आला आणि भारतीय चालकाला फॉर्म्युला वनमधले पहिले गुण मिळाले, हे आपण मध्येच आठवण करून दिलेत तेव्हा खोली क्षणभर शांत झाली. जगाने टाकून दिलेल्या शर्यतीतले ते पाच गुण आपल्याला मात्र जपून ठेवावेसे वाटतात, हे आपले म्हणणे मला फार आवडले.

आपली स्वतःची निवड वेगळी होती. 2021 ची बेल्जियमची शर्यत, स्पा इथली. पावसात लोक तासन् तास बसून राहिले, वेग आवरून धरणाऱ्या सेफ्टी कारच्या मागून गाड्यांनी जेमतेम फेऱ्या मारल्या, एकानेही दुसऱ्याला मागे टाकले नाही, आणि तरीही निकाल लावून अर्धे गुण वाटण्यात आले. जिथे शर्यतच झाली नाही तिला शर्यत म्हणून नोंदवायचे, याहून वाईट काय, असा आपला सवाल होता.

मी झांडवूर्ट म्हणाले. 1973, नेदरलँड्स. पुढचा शब्द उच्चारायच्या आत पलीकडून आले, "तुझ्या जन्माच्या आधीची शर्यत, तुला काय माहीत तिच्यातलं?" दोघे हसले. मी तिथेच थांबले असते, कारण थांबायची मला सवय झाली होती.

आपण काहीच बोलला नाहीत. उठून कपाटातून ती लांबट, लाल कापडी बांधणीची हिशेबाची वही काढलीत, जिच्यात केबल आल्यापासूनच्या शर्यती आपण फेरीगणिक पेन्सिलीने मांडून ठेवल्या आहेत. उभ्या रकान्यांत फेऱ्या, आडव्या ओळींत गाड्यांचे क्रमांक, पिटमध्ये गेलेल्या गाडीभोवती छोटे वर्तुळ. आपण ती मागच्या बाजूने उघडलीत. तिथे दोनच रकाने होते, शर्यत आणि कारण. वही माझ्यापुढे सरकवलीत आणि पेन्सिल टोक स्वतःकडे धरून माझ्या हातात दिलीत. "तुम्ही लिहा. नाव झांडवूर्ट, ते कळलं. कारण सविस्तर लिहा, आम्ही थांबतो." माझे वय आपल्या निम्म्याहूनही कमी असताना आपण मला "तुम्ही" म्हणालात, आणि खरोखरच थांबलात. माझे लिहून होईपर्यंत आपण कोणालाही बोलू दिले नाहीत.

मी काय लिहिले ते इथे पुन्हा मांडते, कारण त्या दिवशी वहीतली जागा अपुरी पडली. झांडवूर्टला रॉजर विल्यमसन हा तरुण इंग्लिश चालक आपली अवघी दुसरी ग्रां प्री, म्हणजे फॉर्म्युला वनची शर्यत, चालवत होता. आठव्या फेरीत त्याची मार्च कंपनीची गाडी कठड्यावर आदळून उलटी झाली आणि पेटली. तो आत अडकला होता, जिवंत होता. मागून येणाऱ्या डेव्हिड पर्लीने स्वतःची गाडी थांबवली, धावता मार्ग ओलांडला आणि उलटी गाडी एकट्याने सरळ करण्यासाठी तो धडपडू लागला. मार्शलांच्या, म्हणजे मार्गावरच्या सुरक्षा कर्मचाऱ्यांच्या, अंगावर आगीपासून वाचवणारे कपडे नव्हते, त्यामुळे त्यांना जवळ जाता येईना. पर्लीने अग्निशामक नळकांडे हिसकावून ते संपेपर्यंत वापरले, मग इतर चालकांना थांबण्यासाठी हात करत राहिला. पेटलेली गाडी त्याचीच असावी आणि तो सुखरूप बाहेर पडला असावा, असे समजून ते निघून जात राहिले. विल्यमसन तिथेच गेला. शर्यत थांबवली गेली नाही. जॅकी स्टुअर्ट जिंकला, आणि त्या विजयाने जिम क्लार्कचा पंचवीस विजयांचा विक्रम मोडला, म्हणून आकडेवारीच्या पुस्तकांत ती शर्यत एका विक्रमाची शर्यत म्हणूनही सापडते. हे मला सहन होत नाही. स्टुअर्टला दोष देण्याचा प्रश्नच नाही. चालकांचे जीव वाचावेत म्हणून त्या काळात त्याच्याइतके कोणी झगडले नसेल. दोष त्या व्यवस्थेचा आहे, जिने माणूस जळत असताना गाड्या फिरत ठेवल्या. इंडियानापोलिसला प्रेक्षकांची फसवणूक झाली हे खरे, पण फुटू शकणाऱ्या टायरवर कोणाला बळेच धाडले गेले नाही. स्पाला तिकिटाचे पैसे वाया गेले. झांडवूर्टला वाया गेले ते एका माणसाचे प्राण आणि दुसऱ्याची धडपड. त्या प्रसंगाचे चित्रण उपलब्ध आहे. शेवटी पर्लीचे खांदे कसे पडतात ते त्यात दिसते, आणि ते पुन्हा पाहण्याचा धीर मला झालेला नाही.

आपण ते सगळे वाचलेत, चष्मा काढून पुसलात, आणि म्हणालात, "मला पटत नाही. मी अजून स्पाच म्हणेन. ही दुर्घटना आहे, आणि दुर्घटना आणि वाईट शर्यत यांत मी फरक करतो. पण हे पान फाडायचं नाही." मग हसलेल्या त्या मुलाला आपण ते मोठ्याने वाचायला लावलेत. त्यानेही नीट, न अडखळता वाचले, आणि वाचून झाल्यावर त्याने पर्लीचे पुढे काय झाले ते मलाच विचारले. त्याला ब्रिटनमध्ये शौर्याचे जॉर्ज पदक मिळाले आणि 1985 मध्ये विमान अपघातात तो गेला, हे मी सांगितले. त्या मुलाचाही मला आता राग नाही.

आपण माझ्याशी सहमत झाला असता तर मला आनंद झाला असता, पण इतका नाही. सहमती पुष्कळदा दाक्षिण्यापोटीही मिळते. आपण माझे मत खोडून काढण्याच्या योग्यतेचे मानलेत, ही गोष्ट मला कोणी आजवर दिली नव्हती.

शर्यतींचे हे जग गाड्यांचे म्हणून ओळखले जाते, पण त्यातले माझ्या मनात राहिलेले बरेचसे प्रसंग गाडी थांबवणाऱ्यांचे आहेत. 1976 मध्ये जर्मनीतल्या नुरबर्गरिंगला चालक निकी लाउडाला पेटत्या फेरारीतून बाहेर काढणारे मर्झारियो, एडवर्ड्स, एर्टल आणि लंगर हे त्याचे प्रतिस्पर्धीच होते. 1992 मध्ये स्पाच्या सरावात एरिक कोमास बेशुद्ध पडलेला पाहून आयर्टन सेनाने भर मार्गात गाडी सोडली, धावत जाऊन कोमासच्या गाडीचे इंजिन बंद केले आणि मदत येईपर्यंत त्याचे डोके धरून ठेवले. जिवाशी गाठ असलेल्या त्या प्रसंगांची बरोबरी आपल्या दिवाणखान्यातल्या गोष्टीशी करण्याचे धाडस मी करणार नाही, आणि आपल्यालाही ते खपणार नाही. तरी आपला वेग सोडून दुसऱ्यासाठी थांबण्याची बुद्धी ज्यांना होते, त्यांच्याबद्दल मला सारखाच आदर वाटतो. अशी माणसे प्रत्येक बैठकीत एक जरी असली, तर किती जणींची मते त्यांच्या मनातच राहून गेली नसती.

आता एक तक्रार. चांगल्या शर्यतींच्या पानावर पहिल्या ओळीत आपण 1957 ची जर्मन ग्रां प्री लिहिली आहे. इंधनासाठी थांबून पाऊण मिनिटाहून जास्त मागे पडलेला फांजिओ, फेरीमागून फेरी विक्रम मोडत जाणारी त्याची मासेराटी, शेवटून दुसऱ्या फेरीत कॉलिन्स आणि हॉथॉर्न या दोघांना मागे टाकणे, पाचवे विश्वविजेतेपद आणि कारकिर्दीतला अखेरचा विजय. हे सगळे मान्य. पण ती एका माणसाची शर्यत आहे. 2011 मध्ये कॅनडातल्या मॉन्ट्रियलला जेन्सन बटन आपल्याच संघातल्या हॅमिल्टनला धडकला, दंड भोगला, शर्यत पावसाने दोन तासांहून अधिक खोळंबली, नंतर तो अलोन्सोला धडकला, सर्वांत शेवटी फेकला गेला, आणि चार तास उलटून गेल्यावर शेवटच्या फेरीत आघाडीवरच्या फेटेलची गाडी ओल्या पट्ट्यावर जराशी घसरली तेव्हा पुढे गेला. पहिला आणि शेवटचा क्रमांक यांतले अंतर इतके पातळ झालेले मी दुसऱ्या कुठल्या शर्यतीत पाहिलेले नाही. फांजिओला त्या पानावरून खाली आणणे सोपे नाही याची मला जाणीव आहे. तरी दिवाळीच्या आधी एका रविवारी येईन, पूर्ण तयारीनिशी येईन, आणि आपण मला कडाडून विरोध करावा अशी विनंती आहे.

काकूंना नमस्कार सांगावा. त्यांनी दिलेला डबा माझ्याकडेच आहे, तो घेऊन येते.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

आपली कृतज्ञ,
झांडवूर्टवाली