गोळी सुरू झाली आणि बाबा पैसे लावून पत्ते खेळायला लागले

संपादक साहेब,

ऑनलाइन जुगाराच्या व्यसनावरचा तुमच्या पेपरमधला लेख वाचला. लेख चांगलाय, पण सगळा रोख संगत, रिकामा वेळ आणि मनाचा कमकुवतपणा यावरच आहे. आमच्या घरात जुगार शिरला तो औषधाच्या गोळीतून. हे कोणाला सांगितलं की लोक आधी हसतात, मग आमच्याकडे बिचारे अशा नजरेने बघतात, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकू.

बाबांना पार्किन्सन्स आहे. आयुष्यात कधी पत्त्यांवर पैसे लावले नाहीत, कोणाचे दहा रुपये द्यायचे राहिले तरी झोप लागायची नाही असा माणूस. उजवा हात थरथरायला लागला, चालताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे व्हायला लागले, मग डॉक्टरांनी प्रॅमिपेक्सोल चालू केली आणि खरं सांगतो, गोळीने कमाल केली, शर्टाची बटणं परत स्वतःची स्वतः लावायला लागले. डोस हळूहळू वाढवला. सात-आठ महिन्यांनी आईच्या लक्षात आलं की रात्री दोन-अडीचला पांघरुणाच्या आतून उजेड येतोय. मोबाइलवर पत्त्यांचा गेम. विचारलं तर "झोप येत नाही गं, टाइमपास." आम्हाला वाटलं बरंय, मन रमतंय. मन रमता रमता बँकेतली एक ठेव मोडली गेली होती, ते कळायला अजून चार महिने गेले.

दुसरं एक चालू होतं ते तर आम्ही मनावरच घेतलं नाही. भिंतीवरचं घड्याळ उघडून टेबलावर मांडायचे. स्क्रू लहान ते मोठे एका रांगेत, मग सगळे गोळा करायचे, परत रांग, दोन-दोन तास. जेवायला हाक मारली तर अंगावर यायचे. याला पंडिंग म्हणतात हे फार नंतर कळलं, शब्द स्वीडनमधला आहे, अॅम्फेटामिन हे उत्तेजक नशेचं औषध घेणाऱ्या लोकांमधे असंच निरर्थक काम तासन्तास करत राहणं दिसलं तेव्हा 1972 मधे तिथल्या एका मानसोपचारतज्ज्ञाने ते नोंदवून ठेवलं. आम्ही म्हणायचो म्हातारपणीचा छंद.

ठेवीचं कळल्यावर आम्ही काय केलं तर भांडलो. मी पासवर्ड बदलला, त्यांनी आईचा फोन उचलला. "या वयात शोभतं का तुम्हाला" हे वाक्य मी माझ्या वडिलांना बोललोय, तेही बहिणीच्या मुलांसमोर. ते मान खाली घालून बसले होते आणि रात्री परत खेळले.

उलगडा केला तो बहिणीने, गोळ्यांच्या खोक्यात तो मुंगीएवढ्या अक्षरांचा घडीचा कागद असतो ना, तो वाचून. त्यात सरळ लिहिलेलं होतं: जुगार, बेसुमार खरेदी, खा खा सुटणं, लैंगिक इच्छा प्रमाणाबाहेर वाढणं. म्हणजे माहिती घरातच होती, औषधाच्या डब्यात, वर्षभर.

मग मी वाचत सुटलो. पार्किन्सन्समधे मेंदूतल्या हालचाली सांभाळणाऱ्या भागात डोपामिन नावाचं निरोप पोचवणारं रसायन कमी पडतं आणि ही गोळी डोपामिनची नक्कल करते. आता गोळीला काही पत्ता लिहून देता येत नाही की फक्त इथेच जा. काही मिळालं की "अजून एकदा" म्हणायला लावणारा जो भाग आहे, जिथे डी 3 नावाचे रिसेप्टर, म्हणजे डोपामिन जिथे चिकटतं त्या जागा, भरपूर असतात, तिथेही ती जाऊन बसते, आणि त्या भागाचं डोपामिन सुरुवातीच्या काळात फारसं घटलेलंच नसतं. म्हणजे एका ठिकाणी भरपाई तर दुसऱ्या ठिकाणी ओव्हरडोस. रोपिनिरोल आणि पॅचमधून देतात ते रोटिगोटिन याच जातीतले.

आणि हे काल-परवाचं ज्ञान नाही. 2005 मधे अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी पार्किन्सन्सचे असे 11 पेशंट मांडले होते. 2010 मधे 3090 पेशंटचा मोठा अभ्यास आला, त्यात या जातीची औषधं घेणाऱ्यांपैकी 17.1 टक्के लोकांना असला काही ना काही त्रास होता, न घेणाऱ्यांमधे 6.9. सहातला एक म्हणा ना. सहातल्या एकाला अंगावर पुरळ येत असतं तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं की नाही?

बरं फक्त पार्किन्सन्सच नाही. रात्री पाय वळवळतात त्यासाठी हीच औषधं कमी डोसमधे देतात, प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन वाढलं की कॅबरगोलिन देतात, तिथेही हे झालेलं आहे. मानसिक आजारांवरच्या अॅरिपिप्राझोल या औषधाबद्दल अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, मे 2016 मधे इशारा दिला, तेव्हा त्यांच्याकडे 184 केसेसची नोंद होती आणि त्यातल्या 164 जुगाराच्या.

माझं म्हणणं एवढंच आहे की हे पेशंटला सांगून भागत नाही, घरच्या माणसाला समोर बसवून सांगायला पाहिजे. चक्कर आली, मळमळलं तर पेशंट स्वतः तक्रार करतो. इथे त्याला मजा येत असते आणि वर लाज वाटत असते, त्यामुळे तो लपवतो, आणि लैंगिक बाबतीत असेल तर विषयच संपला, कोण कोणाला सांगणार. आमच्या डॉक्टरांबद्दल राग नाही, माणूस चांगलाय, पण दर व्हिजिटला हात बघितला, चालून दाखवा म्हणाले, आणि आई शेजारच्याच खुर्चीत बसलेली असताना "घरात खर्च वाढलाय का, रात्री जागतात का" असं एकदाही विचारलं नाही. दोन मिनिटांचं काम होतं.

हे वाचून कोणी लगेच गोळ्या बंद करून टाकाल तर थांबा. आम्ही तेच करायला निघालो होतो. या गोळ्या एकदम तोडल्या की घबराट, घाम, उदासी असा वेगळाच त्रास सुरू होऊ शकतो, शिवाय अंग आखडतं ते वेगळं. डॉक्टरांशी बोललो, त्यांनी प्रॅमिपेक्सोल हळूहळू उतरवत नेली आणि लेव्होडोपा या पार्किन्सन्सच्या दुसऱ्या औषधावर जास्त भर दिला. साधारण दोन महिन्यांत पत्ते सुटले. सुटले म्हणजे मोबाइल समोर पडलेला असतो आणि ते बघतही नाहीत. हात मात्र पूर्वीपेक्षा थोडा जास्त थरथरतो, बटणं परत आई लावते. ठेव गेली ती गेलीच.

पत्र छापलंत तर नाव नका घालू. बाबा पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात आणि त्या वाक्याबद्दल मी अजून त्यांची माफी मागितलेली नाही.

एक वाचक