फोटो लॅबवाल्या काकांचे जाहीर आभार

काका, सप्रेम नमस्कार.

'ही फोटोची फाइल छापून केवढी मोठी निघेल?' असं विचारलं की काउंटरवर बहुतेकदा 'काढू की, कितीही' हेच उत्तर मिळतं. तुम्ही उलट विचारलंत, 'लावणार कुठे?' त्याबद्दल हे आभार.

निम्मं गणित त्या प्रश्नातच आहे. चांगली नजर अंशाच्या साठाव्या भागाइतका बारकावा ओळखते असं धरलं, तर ३४३८ ला अंतराच्या इंचांनी भागायचं, की इंचामागे किती पिक्सेल (फोटोचे बारीक ठिपके) लागतील ते कळतं. फूटभर अंतरावर हातात धरलेल्या प्रिंटला इंचामागे साधारण २८६ पिक्सेल लागतात, दोन फुटांवरून १४३, आणि दहा फुटांवरच्या फ्लेक्सला २९ सुद्धा पुरतात. म्हणजे ३०० चा हट्ट अल्बमपुरता. २४ मेगापिक्सेलची ६००० बाय ४००० ची फाइल इंचामागे ३०० ने २० बाय १३.३ इंच होते, १५० ने ४० बाय २६.७. लांबी-रुंदी दुप्पट हवी तर पिक्सेल मात्र चौपट लागतात.

फाइलच्या माहितीत '७२ डीपीआय' (इंचामागे ७२ ठिपके) दिसलं की लोक उगाच घाबरतात. तो नुसता शिक्का, त्याने पिक्सेल कमी होत नाहीत. खरा घात व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोचा होतो. लांब बाजू १६०० पिक्सेलवर आली, की १२ बाय १८ इंचांच्या प्रिंटला इंचामागे जेमतेम ८९ उरतात आणि फोटो फुटतो. तोच डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ फाइल येते.

मोबाइलच्या आडव्या ४:३ फोटोचं १२ बाय १८ करताना उंचीचा नववा भाग कापला जातो, हेही तुम्ही आधीच सांगता. ग्रुप फोटोत मागच्या रांगेची डोकी त्यामुळेच वाचतात!

पण सगळ्यात मोलाची तुमची चाचणीची पट्टी. ४० इंची प्रिंटआधी त्या २४ मेगापिक्सेलच्या मूळ फाइलमधून ९०० बाय ६०० पिक्सेलचा तुकडा कापायचा आणि ऑटो करेक्शन (मशीनची आपोआप होणारी सुधारणा) बंद ठेवून ६ बाय ४ इंचांवर काढायचा. मोठ्या प्रिंटचा तेवढा भाग हुबेहूब असाच दिसणार. तुकडा डोळ्यांचा किंवा बारीक अक्षरांचा घ्यायचा, आकाशाचा नाही, आणि भिंतीवर चिकटवून ठरलेल्या अंतरावरून बघायचा. हललेला हात, चुकलेला फोकस, अंधारातला रवाळपणा मेगापिक्सेलच्या आकड्यात दिसत नाही. पट्टीत लगेच दिसतो. ग्लॉसी कागदावर तर जास्तच.

पुढच्या फाइली पेनड्राइव्हवर आणतो, मूळच्याच.

आपले,
फोटो काढणारे आम्ही काही जण